बक्षिसाचे माप

कळंब हे यवतमाळहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, चक्रावती नदीकाठचे तालुक्याचे गाव. बाहेरच्यांना ते चिंतामणीमुळे ठाऊक असते. पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखाली जावे लागते असे हे गणपतीचे देऊळ विदर्भाच्या अष्टविनायकांत गणले जाते. बऱ्याच वर्षांच्या अंतराने कुंडातले पाणी वर चढून मूर्तीच्या पायांना लागते आणि ते पाहायला लांबलांबून लोक येतात. गावाचे महत्त्व मात्र नुसते देवळापुरते नव्हते. अबुल फझलच्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची जी सरकारे सांगितली आहेत, त्यांत कळंब आहे. परंपरेने हे गाव गृत्समद ऋषींचे मानले जाते आणि कापूस पेरून वस्त्र विणण्याची कला त्यांच्या नावावर घातली जाते. विनोबा भावे यांनी गृत्समदांवर लिहिलेल्या लेखात या परंपरेला आपल्या पद्धतीने उजाळा दिला आहे. इतिहास म्हणून ती किती धरायची हा भाग वेगळा. पण शेतीत नवी वाट काढणाऱ्या माणसाची आठवण गावाने कापसाशी जोडून ठेवली आहे, एवढे त्यातून दिसते.

शेतीतली अडचण सोडवून दाखवणाऱ्याला बक्षीस द्यायचे, ही कल्पना हवामानबदलाच्या चर्चेतून जन्मलेली नाही. कापसाच्या या पट्ट्यात ती दीडशे वर्षांहून अधिक काळ या ना त्या रूपात वावरते आहे. बक्षीस देणारे बदलले, रकमा बदलल्या आणि सर्वांत जास्त बदलले ते माप. एका काळी रुईचा धागा पाहिला गेला, मग सुताची लांबी, मग एकरी उतारा, मग अडवलेल्या पाण्याचे घनमीटर. शेतकऱ्याला बदलत्या पावसाशी जुळवून घ्यायला बक्षिसांचा किती उपयोग झाला, हे या मापांच्या क्रमातूनच कळते.

त्याआधी तालुक्याची जमीन ध्यानात घ्यावी लागते. टेकड्यांच्या उतारावर मुरमाड, उथळ बरड आहे. तिथे कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आणि लहान खातेदारांची शेते आहेत. वर्धा नदीच्या खोऱ्याकडे उतरत गेले की काळी, खोल, भारी जमीन लागते. पाऊस सरासरीने वाईट नाही, वर्षाला साधारण ९०० ते १,००० मिलिमीटर. पण तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि अलीकडे कमी दिवसांत जास्त पडून मध्ये मोठा खंड देतो. तीन आठवड्यांचा खंड पडला की बरडावरचे सोयाबीन माना टाकते. त्याच हंगामात दोन दिवस संततधार लागली की भारी रानातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पाण्यात उभी राहून पिवळी पडते. एकाच तालुक्यात एकाच पावसाची ही दोन उलटी दुखणी आहेत. बेंबळा प्रकल्पाचे कालवे काही गावांना पोचतात. बाकी सगळी भिस्त वरच्या पावसावर.

बक्षिसे मुळात दोन तऱ्हेची असतात. एकात झालेल्या कामाचा गौरव होतो: माणूस आधी राबतो, सन्मान मागून येतो. दुसऱ्यात अट आधी जाहीर होते आणि जो ती पुरी करील त्याला रक्कम मिळते. दुसऱ्या तऱ्हेचे जगप्रसिद्ध उदाहरण ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये जाहीर केलेले २०,००० पौंडांचे बक्षीस. भर समुद्रात जहाजाचे रेखावृत्त नेमके सांगण्याची रीत त्यासाठी हवी होती. जॉन हॅरिसन या सुतारकाम करणाऱ्या घड्याळजीने ते काम करून दाखवले, पण पैशासाठी त्याला म्हातारपणापर्यंत बक्षीस देणाऱ्या मंडळाशी भांडावे लागले. फ्रान्समध्ये निकोला अपेर याला बाटलीबंद अन्न टिकवण्याची पद्धत खुली करण्याबद्दल १८१० मध्ये १२,००० फ्रँक मिळाले. आजचा डबाबंद अन्नाचा धंदा तिथून सुरू झाला. या दोन्ही बक्षिसांत काय हवे ते नेमके सांगता येत होते आणि ते मिळाले की नाही हे चाचणीने ठरवता येत होते. शेतीत हेच अवघड जाते.

हिंदुस्थानात शेतीसाठी पदके आणि बक्षिसे देण्याची सुरुवात विल्यम केरी यांच्या पुढाकाराने कलकत्त्यात १८२० मध्ये स्थापन झालेल्या कृषी व उद्यान संस्थेने केली. तिच्या यादीत कापूस अगदी लवकर आला. वऱ्हाड आणि मध्य प्रांतात ही रीत जोर धरते ती अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानंतर. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, तेव्हा हिंगणघाट आणि अमरावतीच्या बाजाराकडे त्यांची नजर वळली. डिसेंबर १८६५ मध्ये मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत नागपूरला मोठे प्रदर्शन भरले. पुढच्याच वर्षी मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त असे खास पद निर्माण होऊन त्यावर हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांची नेमणूक झाली. कळंब तेव्हा वणी जिल्ह्यात मोडत होते. यवतमाळ हे जिल्ह्याचे नाव १९०५ पासूनचे.

या काळात कौतुक झाले ते लांब, स्वच्छ, पानकाडी नसलेल्या रुईचे. हिंगणघाटच्या कापसाची ख्याती त्याच गुणामुळे होती. पण गिरणीला हवा तो धागा आणि शेतकऱ्याला परवडते ती पऱ्हाटी एकच असतात असे नाही. आखूड धाग्याचे, रांगडे वाण कमी पावसात तग धरत, रुईचा उताराही जास्त देत. व्यापारी लांब धाग्याला पुरेसा जादा भाव देत नसला की शेतकरी मुकाट्याने आपल्या वाणाकडे परते. सरकारी अहवालांत यावर 'शेतकरी हट्टी आहे' अशी तक्रार वाचायला मिळते. खरे तर तो अवर्षणाचा हिशेब करत होता आणि त्या हिशेबाला बक्षीस नव्हते.

यंत्रांसाठीही बक्षिसे लागली. त्यांतले सर्वांत गाजलेले कापसाचे नव्हते, रिहा नावाच्या तागासारख्या वनस्पतीचे होते. तिची साल सोलणाऱ्या यंत्रासाठी हिंदुस्थान सरकारने १८७० मध्ये ५,००० पौंड जाहीर केले. सहारनपूरला १८७२ मध्ये चाचणी झाली तेव्हा मैदानात उतरले एकच यंत्र. अटी पुऱ्या झाल्या नाहीत, म्हणून त्याला १,५०० पौंड देऊन भागवले. १८७९ मध्ये पुन्हा घाट घातला, तोही फसला. यंत्राच्या मागे लागताना त्या धाग्याला बाजार आहे का, हा प्रश्न कोणी पुरता विचारला नव्हता.

अट घालून बक्षीस लावण्याचा सर्वांत धीट भारतीय प्रयोग कापसाशीच निगडित आहे. १९२९ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपये जाहीर केले. त्या काळी ही रक्कम डोळे दिपवणारी होती. अटी वाचल्या की त्या लिहिणाऱ्याने खेड्यातले घर नजरेसमोर ठेवले होते हे कळते. चरखा हलका, इकडून तिकडे नेता येईल असा आणि हाताने किंवा पायाने चालणारा हवा. बाईमाणसाला आठ तास फार न थकता चालवता आला पाहिजे. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० यार्ड सूत निघाले पाहिजे. किंमत दीडशे रुपयांवर जाता कामा नये. वेळोवेळी डागडुजी केली तर तो वीस वर्षे टिकला पाहिजे आणि त्या डागडुजीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. मुदत ३० ऑक्टोबर १९३० पर्यंत होती.

महाराष्ट्रातून गणेश भास्कर काळे यांचा चरखा किर्लोस्करवाडीच्या मदतीने परीक्षणापर्यंत पोचला. सूत निघाले, पण सगळ्या अटी एकत्र पुऱ्या झाल्या नाहीत आणि लाखाचे बक्षीस कोणालाच मिळाले नाही. तरी स्पर्धा वाया गेली असे म्हणता येत नाही. अनेक चात्यांच्या घरगुती चरख्याचा नाद त्यातून देशभरच्या कारागिरांना लागला, आणि स्वातंत्र्यानंतर तामिळनाडूच्या एकंबरनाथ यांच्या अंबर चरख्याने ती गरज बऱ्याच अंशी भागवली. कळंबपासून जवळच असलेले वर्धा-सेवाग्राम तोवर खादीच्या प्रयोगांचे केंद्र झाले होते आणि १९३८ मध्ये तिथे मगन संग्रहालय उभे राहिले. टिकाऊपणा आणि दुरुस्तीचा खर्च या दोन गोष्टी बक्षिसाच्या अटीत घालण्याचे शहाणपण नंतरच्या शेती-स्पर्धांत फारसे दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर माप एकदम बदलले. देशात धान्याचा तुटवडा होता, त्यामुळे एकरी किती पिकले याला सगळे महत्त्व आले. केंद्र सरकारने १९४९-५० च्या सुमारास अखिल भारतीय पीक स्पर्धा सुरू केल्या आणि सर्वाधिक उतारा काढणाऱ्याला 'कृषिपंडित' ही पदवी दिली. १९५२ पासून दहा वर्षे केंद्रात शेतीखाते सांभाळणारे पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. त्यांनी १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. राज्यात वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते. ते यवतमाळ जिल्ह्यातल्याच पुसद भागातले. संकरित ज्वारीचा प्रसार त्यांनी हिरीरीने केला. त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, आता कृषिदिन म्हणून पाळला जातो आणि राज्याचे बरेच शेती पुरस्कार या दोघांच्या नावांनी दिले जातात. डॉ. पंजाबराव देशमुख कृषिरत्न हा त्यांतला सर्वोच्च.

पीक स्पर्धा आजही चालते. कृषी विभागाकडे अर्ज आणि ३०० रुपये भरायचे (आदिवासी शेतकऱ्याला १५०), सातबारा आणि आठ-अ जोडायचा. भात सोडून बाकी पिकांना किमान ४० आर सलग क्षेत्र लागते. पीक तयार झाले की समितीसमोर कापणी आणि मळणी होते, वजन घेतले जाते आणि त्यावरून हेक्टरी उत्पादन काढतात. तालुक्यात पहिल्याला ५,००० रुपये, जिल्ह्यात १०,०००, राज्यात ५०,०००. खरिपाच्या यादीत अकरा पिके आहेत: भात, ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, तूर, मूग, उडीद, सोयाबीन, भुईमूग, सूर्यफूल. त्यात कापूस नाही. तीन-चार वेळा वेचणी होणाऱ्या पिकाचे समितीपुढे एका दिवसात वजन करता येत नाही, हे कारण समजण्यासारखे आहे. पण ज्या तालुक्याचे मुख्य पीक पऱ्हाटी आहे, तिथल्या शेतकऱ्याला आपल्या खऱ्या पिकावर या स्पर्धेत उतरता येत नाही.

यादी बाजूला ठेवली तरी एकरी उताऱ्याच्या मापात एक मूळची खोट आहे. विक्रमी उतारा बहुधा चांगल्या जमिनीत, चांगल्या पावसाच्या वर्षी, ओलिताच्या सोयीने आणि भरपूर खर्च करून निघतो. वाईट वर्षी बरडावर हेक्टरी पाच क्विंटल सोयाबीन काढणाऱ्याने अधिक कौशल्य दाखवलेले असू शकते. स्पर्धेच्या तक्त्यात त्याला जागा नाही. शिवाय खर्च वजा होत नाही. उतारा वाढवण्याची ओढ लावणारे बक्षीस हवामानाच्या धोक्याला तोंड द्यायला शिकवीलच असे नाही. कधी ते उलट्या दिशेने, जास्त खत, जास्त पाणी, एकच पीक, असेही नेते.

गौरवाच्या तऱ्हेच्या बक्षिसांनी ही उणीव थोडी भरून काढली. अनिल गुप्ता यांच्या हनी बी नेटवर्कच्या कामातून २००० मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान उभे राहिले. खेड्यापाड्यांतली, शाळा-कॉलेजाबाहेरची कल्पकता शोधून तिचा सन्मान करणे हे त्याचे काम. त्याच्या मानकऱ्यांत विदर्भातले सर्वांत ठळक नाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड फकिरीचे दादाजी खोब्रागडे. दीडेक एकराचा हा अल्पशिक्षित शेतकरी. १९८३ मध्ये पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या बाजूला काढून त्यांनी पाच-सहा वर्षे निवड करत बारीक दाण्याचा वाण स्थिर केला. तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळांवरून बाजारात त्याचे नाव एचएमटी पडले. पुढे कृषी विद्यापीठाने त्याच बियाण्यावरून पीकेव्ही-एचएमटी प्रसारित केला आणि श्रेय कोणाचे यावर वाद झाला. प्रतिष्ठानने खोब्रागडे यांचा हक्क उचलून धरला. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला. पैसा मात्र त्यांच्या हाती फारसा आला नाही. ३ जून २०१८ रोजी ते वारले तेव्हाही त्यांची परिस्थिती ओढगस्तीचीच होती. त्यांचे बी मात्र त्याआधीच अनेक राज्यांत पसरले होते.

कळंब तालुक्यातला प्रत्यक्ष प्रयोग २०१७ चा आहे. आमिर खान आणि किरण राव यांनी २०१६ मध्ये पाणी फाउंडेशन स्थापन करून सत्यमेव जयते वॉटर कप ही गावागावांतली स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके आणि ११६ गावे होती. सातारा जिल्ह्यातल्या वेळू गावाने पहिले बक्षीस घेतले. दुसऱ्या वर्षी स्पर्धा ३० तालुक्यांत गेली, त्यांत यवतमाळ जिल्ह्यातले कळंब, राळेगाव आणि उमरखेड होते. पहिले बक्षीस ५० लाखांचे. ते वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातल्या काकडदरा या डोंगरातल्या लहानशा आदिवासी गावाला मिळाले. कळंबच्या गावांच्या दृष्टीने ही शेजारचीच गोष्ट होती, म्हणून तिचा परिणाम वेगळा झाला. २०१८ मध्ये तालुके ७५ झाले, सहभागी गावे चार हजारांवर गेली आणि ७५ लाखांचे पहिले बक्षीस माण तालुक्यातल्या टाकेवाडीने पटकावले. शेवटची स्पर्धा २०१९ ची. ती बार्शी तालुक्यातल्या सुर्डीने जिंकली.

काम चाले ते असे. गावातून पाच माणसे, त्यात बाया असणे सक्तीचे, चार दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला जात. तिथे हायड्रोमार्कर हाताळायला शिकवत: खुणा केलेल्या दोन काठ्या आणि त्यांना बांधलेली पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. उतारावर एक जण एक काठी घेऊन उभा राहतो, दुसरा दुसरी काठी घेऊन पुढे-मागे सरकतो. दोन्हीकडे पाणी एकाच खुणेवर आले की ती दोन ठिकाणे समपातळीत. तिथे फक्की टाकायची. अशा फक्कीच्या ओळीवर चर खणला आणि माती उताराच्या बाजूला टाकली की सलग समतल चर तयार होतो. ओळ चुकली तर पाणी चरात थांबण्याऐवजी एका टोकाला धावते आणि पहिल्याच मोठ्या पावसात बांध फोडून जाते. त्यामुळे आयुष्यात लेव्हल हा शब्द न ऐकलेल्या बायका उन्हात तासन्‌तास ती नळी धरून उभ्या राहत. इंजिनियरच्या हातातली विद्या गावाच्या हाती येणे, हा या स्पर्धेचा सर्वांत टिकाऊ भाग म्हणावा लागेल.

८ एप्रिल ते २२ मे असे पंचेचाळीस दिवस काम चाले. वऱ्हाडातले हे दिवस ४५ अंशांचे. श्रमदान पहाटे किंवा रात्री बत्तीच्या उजेडात करावे लागे. गुण शंभरांपैकी. हाताने केलेले काम आणि यंत्राने केलेले काम वेगळे मोजले जाई. शोषखड्डे, रोपवाटिका, माती परीक्षण आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद यांनाही गुण होते. मोजणी टेपने: लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली. एक घनमीटर खड्डा म्हणजे एका भरण्यात हजार लिटर पाणी. 'किती घनमीटर झाले?' हा त्या उन्हाळ्यात पारावरचा नेहमीचा प्रश्न होता. राजकारणाने दुभंगलेल्या गावांत दोन्ही गट एका चरावर आले, हे बऱ्याच ठिकाणी घडले. काही ठिकाणी ते घडले नाही आणि गावाने पाचव्या दिवशीच फावडी ठेवली.

घनमीटर हे माप प्रामाणिक आहे, कारण ते कोणालाही पुन्हा मोजून पाहता येते. त्याची मर्यादाही त्यातच आहे. खणलेला खड्डा मोजला जातो, मुरलेले पाणी नाही. कळंबच्या खाली बेसाल्टचा खडक आहे. त्यात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांतच साठते. कुठे मुरते, कुठे वाहून जाते. चर कितीही खणले तरी ही साठवण ठरावीकच. शिवाय पोकलेन लावून नाला खोल करणे हा घनमीटर वाढवण्याचा सोपा मार्ग. माथ्यापासून पायथ्याकडे येत उतारावर काम करणे कष्टाचे. स्पर्धेने श्रमदानाला वेगळे गुण ठेवून हा मोह आवरायचा प्रयत्न केला. सरकारच्या जलयुक्त शिवार अभियानात तो तितका आवरला गेला नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या त्या अभियानावर ९,६०० कोटींहून अधिक खर्च झाला आणि २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी भूजलाची पातळी वाढवण्यात त्याचा परिणाम नगण्य असल्याचा शेरा मारला.

कळंबमध्ये चर खणले गेले त्याच वर्षाचा पावसाळा अपुरा गेला. यवतमाळ शहराला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह हे तलाव पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोरडे पडले. पण २०१७ चा खरीप जिल्ह्यात लक्षात राहिला तो दुसऱ्याच कारणांनी. २००२ मध्ये मान्यता मिळालेल्या कापसाच्या बीटी वाणांना गुलाबी बोंडअळी दाद देईनाशी झाली होती. त्या वर्षी बोंडेच्या बोंडे आतून पोखरली गेली. उंच वाढलेल्या पऱ्हाटीत तोंडाला फडके बांधून, मिळतील ती औषधे एकत्र करून फवारणी करणाऱ्यांपैकी जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले. पाण्याच्या स्पर्धेने यातले काही टळले असते असे कोणी म्हणणार नाही. ते तिचे कामही नव्हते. मात्र हवामानाचा धोका शेतात शिरतो तो केवळ पाण्याच्या तुटवड्याच्या वाटेने नाही. कीड, औषध, बियाणे आणि कर्ज यांच्याही वाटेने तो येतो. एका मापाच्या बक्षिसाला हे सगळे पकडता येत नाही.

जगात इतरत्रही याच सुमारास असे प्रयोग झाले. जी-२० देशांच्या २०१० च्या बैठकीतून निघालेल्या ॲगरिझल्ट्स या उपक्रमाने नायजेरियात मक्यावरची विषारी बुरशी रोखणाऱ्या जैविक उपायाचा प्रसार करणाऱ्यांना, प्रत्यक्ष उपाय झालेल्या मक्याच्या टनामागे रक्कम दिली. व्हिएतनाममध्ये कमी पाण्यात, कमी मिथेन सोडत भात पिकवण्याच्या पद्धतींवर स्पर्धा लावली. ब्रिटिश मदतीतून केनियात शेतकऱ्यांपर्यंत हवामानाची माहिती पोचवण्यासाठी आणि नेपाळमध्ये हवामानबदलाशी जुळवून घेण्याचे उपाय मोठ्या प्रमाणावर नेण्यासाठी बक्षिसे ठेवली गेली. यांतली बहुतेक बक्षिसे कंपन्या आणि संस्थांकडे गेली. शेतकरी त्यांच्यासाठी ग्राहक होता, स्पर्धक नव्हता. वॉटर कपात गावच स्पर्धक होते, हा फरक लहान नाही.

सरकारने दुसरा मार्गही धरला. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात यवतमाळसह पंधरा जिल्ह्यांतली पाच हजारांवर गावे घेतली. शेततळे, ठिबक, फळबाग, रुंद वरंबा सरीचे यंत्र यांसाठी शेतकऱ्याच्या खात्यात थेट अनुदान जमा होई. रुंद वरंब्यावर पेरलेले सोयाबीन खंडात ओल धरून ठेवते आणि अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून काढून देते, म्हणजे कळंबच्या दोन्ही दुखण्यांवर ते काही अंशी लागू पडते. अनुदानात शर्यत नसते. अर्ज, पूर्वसंमती, बिल आणि तपासणी या पायऱ्या चढता आल्या की पैसे येतात. नवे काही करून दाखवावे लागत नाही आणि शेजाऱ्याशी तुलनाही होत नाही. कागदपत्रे जमवू न शकणारा मात्र दोन्हीकडे मागे राहतो.

पाणी अडवल्यानंतर त्याचे काय करायचे, हा प्रश्न पाणी फाउंडेशनपुढेही उभा राहिला. आधी समृद्ध गाव स्पर्धा झाली, मग २०२२ मध्ये फार्मर कप आला. आता स्पर्धक गाव नव्हते, एकच पीक घेणारा शेतकऱ्यांचा गट होता. पहिले बक्षीस २५ लाखांचे. कृषी विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांशी ऑनलाइन शेतीशाळांतून बोलून पिकाच्या कामांचा क्रम ठरवायचा, बियाण्याची उगवण तपासायची, निविष्ठा एकत्र खरेदी करायच्या, सावडीने एकमेकांच्या शेतात कामे करायची, निंबोळी अर्क घरी बनवायचा आणि खर्च लिहून ठेवायचा, यांना गुण. सरकारी पीक स्पर्धेत नसलेल्या कापसाचे गटही यात उतरू शकले. खर्चाची वही बक्षिसाच्या हिशेबात घेतली गेली, ही या साऱ्या इतिहासातली खरी नवी गोष्ट.

यवतमाळ जिल्ह्याला २०२५ मध्ये जो मोठा सन्मान मिळाला, तो स्पर्धेतून आलेला नव्हता. यवतमाळजवळच्या छोटी गुजरी इथले शेतकरी सुभाष शर्मा यांना त्या वर्षी पद्मश्री जाहीर झाली. १९७५ पासून शेती करणाऱ्या शर्मा यांनी १९९४ मध्ये रासायनिक खते आणि औषधे सोडली, शेतातले पाणी आणि माती शेतातच राखण्याची पद्धत बसवली आणि ती पाहायला येणाऱ्यांना शिकवत राहिले. मधल्या तीस वर्षांत चांगले, वाईट आणि अगदीच बुडीत असे सगळे पावसाळे त्या शेतावरून गेले. स्पर्धेचा हंगाम मळणीला संपतो. एवढा काळ थांबून निकाल लावण्याची तरतूद आजच्या कोणत्याही शेती-स्पर्धेच्या नियमांत नाही.